चावून खाणं ही चैन नाही : वैद्यकीय शिक्षण विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग, मंत्रालय, मुंबई
आणि
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य

विषय : आजारात जबडा गमावलेल्यांचं पुनर्वसन, स्टेम सेलच्या नावाने चाललेली विक्री आणि सरकारी दंत महाविद्यालयांत रीतसर चाचण्या सुरू करणे

महोदय,

गेल्या महिन्यात आमच्या अर्जाला एका शासकीय कार्यालयाचं उत्तर आलं. म्युकरमायकोसिसमधून, म्हणजे कोरोनानंतर आलेल्या काळ्या बुरशीच्या आजारातून, वाचलेल्या मराठवाड्यातल्या काही कुटुंबांनी मिळून तो अर्ज केला होता. मागणी साधी होती : ज्यांचा जबडा काढावा लागला त्यांना तो पुन्हा बांधून मिळावा, त्यावर दात बसवून मिळावेत. उत्तरात म्हटलं आहे की ही बाब ‘कॉस्मेटिक’ स्वरूपाची असल्याने तिचा विचार करता येत नाही. त्या कार्यालयाचं नाव मी इथे घेत नाही, कारण दोष एकट्या त्या टेबलाचा नाही. पण हे उत्तर मुकाट्याने फाईलला लावून ठेवणं मला जमणार नाही. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे, आणि ते सगळ्यांनी वाचावं अशीही इच्छा आहे.

मी लातूर जिल्ह्यात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. माझ्या धाकट्या भावाला 2021 च्या मे महिन्यात कोरोना झाला. साखर आधीपासून होती, स्टेरॉइडने ती भडकली. बरा होऊन घरी आला आणि थोड्याच दिवसांत गाल सुजला, वरचे दात हलायला लागले, टाळूवर काळा डाग दिसला. ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाच्या इंजेक्शनसाठी तेव्हा सगळं राज्य धावत होतं, तसे आम्हीही धावलो. डॉक्टरांनी उजव्या बाजूचा वरचा जबडा, टाळूचा अर्धा भाग आणि सायनसमधली बुरशी काढून टाकली, म्हणून आज माझा भाऊ जिवंत आहे. त्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे.

प्रश्न सुरू होतो तो त्यानंतर. टाळूला भोक असलेला माणूस कसा जेवतो हे ‘कॉस्मेटिक’ लिहिणाऱ्याने एकदा समोर बसून पाहावं. भोक झाकणारी टाळूची प्लेट काढली की पाण्याचा घोट नाकातून बाहेर येतो. प्लेट लावली तरी ती नीट टेकायला त्या बाजूला हाडच नाही, त्यामुळे ती हलते, खालचं मांस सोलून निघतं. भाकरी दुधात कुस्करून, वरणभात अगदी पातळ करून, तोही दोन्ही वेळा एकट्याने बसून खायचा. ज्याचं कापडाचं दुकान गिऱ्हाइकाशी बोलण्यावर चालायचं, त्याचं बोलणं आता गेंगाणं झालं आहे आणि फोनवर त्याचं म्हणणं कोणाला कळत नाही. दुकान आता वहिनी बघते. लग्नकार्यात तो पंगतीला बसत नाही. चेहरा कसा दिसतो हा आमच्या घरातला सगळ्यांत शेवटचा विषय आहे.

आणि तो एकटा नाही. जुलै 2021 पर्यंत देशात म्युकरमायकोसिसचे 45 हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले होते, त्यातले 9 हजारांहून जास्त एकट्या महाराष्ट्रातले. त्यांतल्या वाचलेल्यांपैकी ज्यांचा जबडा गेला, ती माणसं गावोगावी आहेत. शस्त्रक्रियेनंतर घरी सोडलं त्या दिवसापासून आमच्यापैकी कुणालाही ‘आता कसं खाता, कसं बोलता’ असं विचारणारा सरकारी फोन आलेला नाही. ही माझी पहिली तक्रार. जीव वाचवण्याची मोहीम झाली, पण वाचलेल्या माणसाचा पाठपुरावा कुणाच्याच कामात बसला नाही.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे आणि ती थेट आपल्या अखत्यारीतली आहे. सरकारने दार लावून घेतलं की माणूस दुसरं दार शोधतो, आणि ते उघडून बसलेले लोक तयारच आहेत. एका मोठ्या शहरातल्या खासगी दवाखान्यात आम्हाला सांगण्यात आलं की स्टेम सेलने, म्हणजे नव्या पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशींनी, जबड्याचं हाड पुन्हा उगवतं, यशाची खात्री आहे, खर्च काही लाख, आणि अर्धी रक्कम आधी भरायची. मी तीन गोष्टी विचारल्या. पेशी शरीरातल्या कुठल्या भागातून काढणार आणि कुठल्या प्रयोगशाळेत वाढवणार? कुठल्या एथिक्स कमिटीने, म्हणजे माणसांवरचे प्रयोग योग्य आहेत का हे तपासणाऱ्या समितीने, परवानगी दिली आहे? सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा क्रमांक काय? ही नोंद 2009 पासून बंधनकारक आहे आणि ती कुणालाही इंटरनेटवर पाहता येते. तिन्हींचं उत्तर एकच मिळालं : ‘मॅडम, तुम्हाला भावाला बरं करायचंय की प्रश्न विचारायचेत?’

बोलता बोलता जे कळलं त्यावरून तिथे दंडातून रक्त काढून सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये फिरवतात आणि वर जमणारा फायब्रिनचा मऊ गोळा जखमेत ठेवतात. दंतवैद्य त्याला पीआरएफ म्हणतात. दात काढल्यानंतरची जखम भरायला तो वापरतात, आणि त्याला माझा आक्षेप नाही. पण त्याला स्टेम सेल म्हणून लाखांत विकणं ही फसवणूक आहे. काही ठिकाणी कमरेच्या हाडातला मगज सुईने ओढून तसाच टोचतात. त्या मगजात हाड घडवू शकणाऱ्या पेशी असतात हे खरं, पण फार थोड्या. नुसतं टोचून अर्धा जबडा उभा राहील असं म्हणायला पुरावा लागतो. तो त्यांच्याकडे नाही, म्हणून तर ते माझ्या प्रश्नांवर चिडतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं या बाबतीत स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं मज्जापेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा कुठलाही वापर मंजूर चाचणीबाहेर करणं अनैतिक आहे, तो गैरव्यवहार मानला जाईल, असं त्यात लिहिलं आहे. चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. मुलांचे दुधाचे दात ‘भविष्यासाठी’ पैसे घेऊन साठवण्याची जाहिरात आपण पाहिली असेल. त्याच तत्त्वांनुसार नाळेतल्या रक्ताखेरीज दाताचा गर, चरबी वगैरे काहीही व्यापारी तत्त्वावर साठवायला परवानगी नाही. 2019 च्या नवीन औषधं व क्लिनिकल चाचण्या नियमांनी प्रक्रिया केलेल्या स्टेम सेलपासूनचं उत्पादन ‘नवीन औषध’ ठरवलं. त्यातही पळवाट काढली जाते : आम्ही पेशींवर फारशी प्रक्रियाच करत नाही, म्हणून हे औषध नाही, म्हणून तुमचा इन्स्पेक्टर आमच्याकडे येऊ शकत नाही. औषध नसेल तर मग ते लाखांना काय विकतात, हे अन्न व औषध प्रशासनाने त्यांना विचारायला हवं. आमच्यासारख्यांना विचारता येतं, पण त्यांना उत्तर द्यायला भाग पाडता येत नाही.

कुणी म्हणेल, मग ही बाई स्टेम सेलच्या विरोधात आहे. अजिबात नाही. उलट या विज्ञानावर माझी आशा आहे, म्हणूनच त्याचा बाजार झालेला मला सहन होत नाही.

हाडाच्या मगजातून काढलेल्या काही पेशी नवं हाड घडवू शकतात हे सोव्हिएत शास्त्रज्ञ अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन यांनी 1960 च्या दशकापासून दाखवून दिलं. माणसाच्या दाताच्या गरात तशा पेशी असतात हे 2000 साली अमेरिकेत ग्रॉन्थोस, शी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं. पण नुसत्या पेशी पुरत नाहीत. वेलीला मांडव लागतो तसा पेशींना आधार लागतो : कॅल्शियम फॉस्फेटचे सच्छिद्र दाणे, सिरॅमिकचा ठोकळा किंवा टायटॅनियमची जाळी. पेशींना ‘हाड हो’ असं सांगणारा रासायनिक संदेश लागतो. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे रक्त लागतं. रक्तवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटरपेक्षा जास्त लांब असलेल्या पेशीपर्यंत प्राणवायू पोहोचत नाही आणि ती मरते. दात काढल्यावरचा छोटा खड्डा भरणं आणि अर्धा जबडा उभा करणं यातला फरक हा आहे. म्युकरमध्ये तर बुरशी रक्तवाहिन्यांतच शिरते, आजूबाजूची जमीनच नापीक करून जाते.

ही अडचण ओळखून जगात काय काय केलं गेलं ते पाहा. जर्मनीत कील शहरात पॅट्रिक वार्न्के यांच्या चमूने 2004 मध्ये एका रुग्णाच्या खालच्या जबड्याच्या मापाची टायटॅनियम जाळी केली, तिच्यात हाडाचे ठोकळे, वाढीचं प्रथिन आणि त्याचाच मगज भरला, आणि ती काही आठवडे त्याच्याच पाठीच्या स्नायूत ठेवली. तिथे रक्तवाहिन्या आत शिरल्या, हाड तयार झालं, मग ते उचलून जबड्यात बसवलं. तो माणूस कित्येक वर्षांनी चावून खाऊ लागला. पुढे त्यात गुंतागुंतही झाली, आणि तीही त्याच डॉक्टरांनी छापून जाहीर केली. फिनलंडमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या कामात वरच्या जबड्यासाठी, म्हणजे माझ्या भावाचा गेला त्याच हाडासाठी, रुग्णाच्या चरबीतल्या पेशी वाढवून पोटाच्या स्नायूत आठ महिने हाड घडवलं गेलं. नॉर्वेत बर्गेनच्या संशोधकांनी 2018 मध्ये 11 रुग्णांचा अहवाल दिला. त्यांच्या कमरेतला मगज जर्मनीतल्या उल्मला पाठवून पेशी वाढवल्या, परत आणल्या, कॅल्शियम फॉस्फेटच्या दाण्यांसह झिजलेल्या खालच्या जबड्यावर ठेवल्या, आणि काही महिन्यांनी तिथे दातांचे इम्प्लांट, म्हणजे कृत्रिम दात बसवायचे हाडात रोवलेले खुंट, बसवले.

आकडे लहान आहेत. एक रुग्ण, अकरा रुग्ण. यावरून ‘खात्री’ कुणीही देऊ शकत नाही, आणि तसे प्रामाणिक डॉक्टर ती देतही नाहीत. पण दार उघडलेलं आहे एवढं यातून नक्की दिसतं. तिथे परवानगी होती, नोंद होती, आणि जे बिघडलं तेही लिहून ठेवलं गेलं. आपल्याकडे त्याच नावाने जे चालतं त्यात यातलं काहीच नाही, आणि जे सरकारी महाविद्यालयांत व्हायला हवं त्याची आम्हाला चाहूलही लागत नाही. माझ्या भावाला सामील होता येईल अशी एखादी चाचणी असेल, तर तिची माहिती त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंतही पोहोचलेली नाही. ही तिसरी तक्रार.

महाराष्ट्रात हे जमणार नाही असं म्हणता येणार नाही. पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र आहे. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आपल्याच विभागाची दंत महाविद्यालयं आहेत, मुंबई महापालिकेचं नायर आहे, आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया तिथे रोज होतात. रुग्णाच्या स्वतःच्या पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांच्यावर काम करून वाढवायच्या आणि पुन्हा त्यालाच द्यायच्या, हे याच राज्यात करून दाखवलं गेलं आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या सहकार्यातून तयार झालेल्या रक्ताच्या कर्करोगावरच्या कार-टी पेशींच्या उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली. ते तंत्र वेगळं, आजार वेगळा. पण स्वच्छ प्रयोगशाळा, पेशींची तपासणी आणि परवानग्यांची शिस्त, या पायाभूत गोष्टी इथे आहेत.

एक सावधगिरीही इथेच मांडते, कारण अर्धवट मागणी करून कुणाचं भलं होत नाही. या राज्यात जबडा जाण्याचं मोठं कारण म्युकर नव्हे, तोंडाचा कर्करोग आहे. 2022 च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे 1 लाख 43 हजारांहून जास्त नवे रुग्ण आढळतात. गुटखाबंदी 2012 पासून आहे, आणि माझ्या शाळेबाहेर पुड्यांचा खच पडलेला मी रोज पाहते. पण जिथे नुकताच कर्करोग काढला आहे तिथे पेशींच्या वाढीला चालना देणारे पदार्थ घालणं धोक्याचं ठरू शकतं, आणि किरणोपचार झालेल्या हाडाचा रक्तपुरवठा आधीच घटलेला असतो. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करू नये. दुभंगलेल्या हिरडीची मुलं, अपघातात हाड गेलेले, अमेलोब्लास्टोमासारख्या कर्करोग नसलेल्या गाठींचे रुग्ण, आणि बुरशी पूर्ण गेल्याची खात्री असलेले म्युकरचे रुग्ण, यांच्यापासून व्हावी. दुभंगलेल्या हिरडीसाठी आज मुलांच्या कमरेचं हाड काढून लावतात. तो चांगला, सिद्ध उपचार आहे. नव्या पद्धतीने त्या लेकरांची कमरेवरची दुसरी जखम टळली, तरी मोठी गोष्ट होईल.

कर्करोगाच्या आणि आमच्या रुग्णांसाठी आज, आत्ता जे उपलब्ध आहे ते तरी द्या. पायातलं फिब्युला हाड रक्तवाहिनीसकट काढून त्याचा जबडा घडवण्याची शस्त्रक्रिया 1989 पासून जगभर होते. वरच्या जबड्यासाठी गालाच्या हाडात रोवायचे लांब इम्प्लांट मिळतात. यात स्टेम सेल नाही, चमत्कार नाही. कुशल सर्जन, शस्त्रक्रियागृहातले बरेच तास आणि सामानाचे पैसे लागतात. सरकारी रुग्णालयात यादी एवढी मोठी असते की डॉक्टर छातीचा स्नायू फिरवून जखम झाकतात आणि पुढच्या रुग्णाकडे वळतात. त्यांनाही दुसरा इलाज नसतो.

म्हणून आमच्या मागण्या.

आजारात, अपघातात किंवा जन्मतः जबडा नसलेल्या माणसाची हाडाची आणि दातांची पुनर्बांधणी हा उपचार आहे, कॉस्मेटिक बाब नाही, असं परिपत्रक काढा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचं कवच कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत वाढलं आहे. टाळूची प्लेट, ती झिजल्यावर बदलून मिळणं, गालाच्या हाडातले इम्प्लांट आणि त्यावरचे दात यांची नोंद त्यात स्पष्ट शब्दांत व्हावी यासाठी आपण आरोग्य विभागाशी बोला. प्लेट बसवणारा, दुरुस्त करणारा दंतवैद्य महिन्यातून ठरलेल्या दिवशी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात यावा. एवढ्या एका गोष्टीने कितीतरी माणसांचं जेवण उद्यापासून बदलेल.

अन्न व औषध प्रशासनाने आणि राज्य दंत परिषदेने मिळून स्टेम सेलने हाड किंवा दात उगवण्याची जाहिरात करणाऱ्या दवाखान्यांची तपासणी तीन महिन्यांत करावी. सीटीआरआय क्रमांक आणि एथिक्स कमिटीची परवानगी दाखवता येत नाही त्यांची विक्री बंद करावी, आणि काय कारवाई केली ते जाहीर करावं. दुधाचे दात साठवण्याच्या धंद्यालाही हेच लागू करा. ज्या कुटुंबांनी जमिनी गहाण ठेवून पैसे भरले आहेत, त्यांना तक्रार करायला एक खिडकी द्या. ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं सांगणाऱ्या पाच खिडक्या त्यांनी आधीच पाहिल्या आहेत.

सरकारी दंत महाविद्यालयांपैकी किमान एका ठिकाणी जबड्याच्या हाडासाठी रीतसर परवानगीने, रुग्णाला एक रुपयाही खर्च न येता चाचणी सुरू करण्याचा प्रस्ताव याच आर्थिक वर्षात केंद्राकडे पाठवा. पेशी वाढवण्याचं काम ज्या संस्थांना येतं त्यांना सोबत घ्या. जे फसलं तेही मराठीत, आम्हाला समजेल असं जाहीर करा.

आणि 2021 मध्ये ज्यांचा जबडा काढला त्यांची यादी करा. रुग्णालयांच्या नोंदींत ती नावं आहेत. प्रत्येकाला बोलवा, तपासा, साखर बघा, प्लेट बघा, कोणाला कोणती शस्त्रक्रिया उपयोगी पडेल ते लिहून द्या. माझ्या भावाला नवं हाड मिळेलच असं मला कुणी सांगू नये. त्याच्या बाबतीत काय शक्य आहे आणि काय नाही, हे एका जाणत्या सरकारी डॉक्टरने समोर बसून, खरं खरं सांगावं, एवढं मात्र मी मागते.

आमच्या मूळ अर्जाची आणि त्यावर आलेल्या उत्तराची प्रत या पत्रासोबत टपालाने पाठवली आहे. अर्जावर सगळ्या कुटुंबांचे पत्ते आहेत. उत्तर लेखी द्यावं, आणि कृपया ते प्रत्येक पत्त्यावर पाठवावं.

आपली,
म्युकरमधून वाचलेल्या एका भावाची बहीण
माध्यमिक शिक्षिका, लातूर जिल्हा